दंड कोणाच्या हाती?

विसाव्या शतकाच्या राजकारणाला कलाटणी देणाऱ्या घटना आठवू लागले, की ओठांवर प्रथम राजधान्यांची आणि परिषदांच्या गावांची नावे येतात : साराजेव्हो, व्हर्साय, म्युनिक, याल्टा, बर्लिन. जणू इतिहासाची वळणे मोठ्या शहरांतच ठरतात आणि उरलेल्या जगाने ती केवळ वाचायची असतात. पण अशा प्रत्येक वळणावर एक प्रश्न परिषदेच्या दालनातून खाली उतरतो आणि थेट खेड्यातल्या चावडीपर्यंत जाऊन पोहोचतो. जुनी सत्ता खिळखिळी झाली, तिच्या हुकमातला नैतिक प्राण निघून गेला, पण नवी सत्ता अद्याप जन्माला आली नाही, अशा मधल्या काळात चोराला शासन कोणी करायचे? दुबळ्याचे रक्षण कोणी करायचे? आणि ज्याने हे काम आपण होऊन अंगावर घेतले, त्याच्या हातातल्या काठीवर लक्ष कोणी ठेवायचे?

हा प्रश्न आपल्या मराठी मुलखात एकदा अतिशय ठळकपणे उभा राहिला होता. १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्याच्या मोठ्या भागात प्रतिसरकार चालले. त्या वेळचा सातारा जिल्हा आजच्याहून मोठा होता. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा, तासगाव, शिराळा, खानापूर हा सारा प्रदेश त्यात मोडत असे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून प्रतिसरकारची कथा ही आजच्या दोन्ही जिल्ह्यांची समाईक मिळकत आहे. या कथेतील पराक्रमाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच झाले. तो पराक्रम पुन्हा वर्णावा किंवा तो उणा करून दाखवावा, यांपैकी कोणताच आमचा हेतू नाही. त्या पराक्रमाच्या पोटात जो नैतिक प्रश्न दडलेला आहे, त्याकडे वाचकांचे लक्ष वेधावे, एवढीच आमची इच्छा आहे.

प्रथम त्या काळातील जगाकडे पाहू. १४ ऑगस्ट १९४१ रोजी रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी अटलांटिक सनद जाहीर केली. आपले सरकार कोणत्या स्वरूपाचे असावे हे ठरविण्याचा प्रत्येक जनतेचा हक्क तिच्यात मान्य केला होता. पुढच्याच महिन्यात, ९ सप्टेंबरला, चर्चिल यांनी पार्लमेंटात खुलासा केला, की हे वचन नाझींच्या टाचेखाली गेलेल्या युरोपातील राष्ट्रांना उद्देशून आहे, हिंदुस्थानच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. न्यायाचे तत्त्व उच्चारायचे आणि त्याला भूगोलाची मर्यादा घालायची, हा तो खुलासा होता. त्यानंतर १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले, मार्चमध्ये रंगून गेले. ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नाही अशी ख्याती होती, ते आपल्या प्रजेचे रक्षणही करू शकत नाही, हे आशिया खंडाने उघड्या डोळ्यांनी पाहिले. क्रिप्स आले आणि रिकाम्या हातांनी परत गेले. ८ ऑगस्टला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाट फुटण्यापूर्वी देशाचे नेते गजाआड गेले.

साताऱ्याने या हाकेला प्रथम जे उत्तर दिले ते निःशस्त्र होते. २४ ऑगस्टला कऱ्हाडच्या कचेरीवर मोर्चा गेला, ३ सप्टेंबरला तासगावच्या. हजारो शेतकरी तिरंगा घेऊन मामलेदाराच्या दारात उभे राहिले. पण ९ सप्टेंबरला वडूज येथे आणि १० सप्टेंबरला इस्लामपूर येथे मोर्चांवर गोळ्या चालल्या. वडूजच्या हुतात्म्यांची नावे त्या मातीत आजही आदराने घेतली जातात. इतिहासकार या घटनांकडे चळवळीतील एक टप्पा म्हणून पाहतात. नीतीचा विचार करणाऱ्याला मात्र तिथे आणखी काही घडलेले दिसते. राज्यसंस्था प्रजेकडून आज्ञापालनाची अपेक्षा करते, ती न्यायाच्या मोबदल्यात. हातात ध्वजाखेरीज काही नसलेल्या माणसांवर जी सत्ता गोळी झाडते, ती हा करार स्वतःच फाडून टाकते. त्या दिवसानंतर सातारच्या खेड्यांत इंग्रजांचा कायदा उरला, त्याचा अधिकार उरला नाही.

मग कार्यकर्ते भूमिगत झाले. येडे मच्छिंद्रचे नाना पाटील, ज्यांनी १९३० सालीच तलाठ्याच्या नोकरीचा राजीनामा दिला होता, कुंडलचे जी. डी. लाड, वाळव्याचे नागनाथ नायकवडी, वाईकडचे किसन वीर, आणि ज्यांची नावे आज केवळ त्यांच्या गावालाच ठाऊक आहेत असे कितीतरी. तारा तोडणे, गाड्या अडविणे, खजिने लुटणे ही कामे झाली. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी लुटली गेली. १४ एप्रिल १९४४ रोजी दूर धुळे जिल्ह्यात चिमठाणे येथे सुमारे साडेपाच लाखांचा सरकारी खजिना हस्तगत करण्यात आला. या गोष्टी साहसाच्या आहेत आणि साहसाच्या गोष्टी लोकांच्या स्मरणात सहज राहतात.

परंतु प्रतिसरकारचे खरे वेगळेपण खजिन्याच्या लुटीत नव्हते. पोलिसांचे सारे बळ राजकीय कार्यकर्त्यांच्या मागे लागले होते. खेड्यांना वाली उरला नाही. दरोडेखोरांच्या टोळ्या मोकाट सुटल्या. काही टोळ्या तर भूमिगतांचेच नाव सांगून लोकांना लुबाडू लागल्या. अशा वेळी गावकरी भूमिगतांकडे आले ते स्वराज्य मागायला नव्हे, रात्रीची झोप मागायला. येथून एका बंडाचे रूपांतर सरकारात होऊ लागले. गावोगाव न्यायदान मंडळे स्थापन झाली. जमिनीचे, देण्याघेण्याचे, भाऊबंदकीचे तंटे गावातच ऐकले जाऊ लागले. सावकारांना जरब बसली, दारूचे गुत्ते बंद पडले, टाकून दिलेल्या बायकांच्या तक्रारी ऐकल्या गेल्या, खर्चाला फाटा देऊन साध्या पद्धतीचे विवाह लावले गेले, वाचनालये उघडली. तुफान सेनेत तरुण शिस्तीने कवायत करू लागले. वकील, मुद्रांक, तारखा आणि लाच यांनी पिचलेल्या कुणब्याला, आपल्याच भाषेत, आपल्याच पारावर, दोन-तीन बैठकांत निकाल मिळतो, हा अनुभव नवा होता. न्याय म्हणजे वरून पडणारी वस्तू नसून आपल्यामधून उभी करण्याची वस्तू आहे, हे त्या तीन-चार वर्षांनी शिकविले. हे शिक्षण कोणत्याही विद्यापीठाच्या पदवीहून मोलाचे होते.

आणि याच ठिकाणी काठी येते. ज्याला लोक 'प्रतिसरकार' म्हणत, त्यालाच 'पत्रीसरकार'ही म्हणत. पायाला घोड्यासारखे नाल ठोकतात, अशी आवई त्या काळी उठविण्यात आली होती. चळवळीतील मंडळींनी तिचा नेहमीच इन्कार केला. तळपायांवर काठीचे फटके मारीत, एवढे मात्र त्यांनी लपवून ठेवले नाही. हे फटके गुंडांना बसले, दरोडेखोरांना बसले, बायकोला छळणाऱ्यांना बसले, आणि पोलिसांना बातमी देणाऱ्या खबऱ्यांनाही बसले. काहींच्या बाबतीत प्रकरण फटक्यांवर थांबले नाही. माणसे प्राणालाही मुकली. अपिलाला वरचे न्यायालय नव्हते. बचावाला वकील नव्हता. साक्ष तपासायला सवड थोडी आणि पोलिसांचा छापा केव्हा पडेल याचा नेम नाही, अशा अवस्थेत निर्णय घेतले जात.

याचे समर्थन करता येत नाही काय? येते, आणि ते दुबळे नाही. ते असे, की ज्यांना तुरुंग बांधता येत नाही त्यांना कैद ही शिक्षा देताच येत नाही. दंड वसूल करावा तर गरिबाचे घर बुडते. सोडून द्यावे तर दुसऱ्या दिवशी दरोडा पडतो, किंवा खबऱ्याच्या एका चिठ्ठीने दहा कार्यकर्ते पकडले जातात. शिवाय समोर जी सत्ता होती तिच्या कोठडीतही मारहाण होतच होती. फरक एवढाच, की ती गणवेशात होत होती. ज्याच्या घराला आग लागली आहे त्याला पाणी कोणत्या भांड्याने ओतावे याचा उपदेश करू नये, असे म्हणणाऱ्याचे म्हणणे आम्हांला समजते.

पण समजणे आणि मान्य करणे या दोन गोष्टी आहेत. समोरची सत्ता अन्यायी आहे, एवढ्यावरून आपली काठी न्यायी ठरत नाही. जो माणूस खबऱ्या म्हणून पकडला गेला, तो खरोखरीच खबऱ्या होता, की कोणाशी त्याचा बांधावरून जुना वाद होता? जी भीती गुंडाला बसली, तीच भीती मतभेद बोलून दाखवू पाहणाऱ्या साध्या माणसालाही बसली नसेल काय? गुप्ततेत चालणाऱ्या न्यायाची ही मूळ व्याधी आहे. तो देणारा कितीही निःस्पृह असो, त्याच्या चुका उजेडात येण्याचा रस्ताच बंद असतो. सत्पुरुषाच्या हातातली काठीदेखील आंधळीच असते. तिला डोळे देण्याचे काम साक्षीपुरावा, उघडी चौकशी आणि अपील या रुक्ष दिसणाऱ्या गोष्टी करीत असतात.

सातारच्या प्रतिसरकारचे मूल्यमापन करताना त्याच्या शेजारीच, त्याच वर्षांत चाललेला एक दुसरा प्रयोग आपण विसरता कामा नये. औंध हे बहात्तर गावांचे छोटेसे संस्थान. त्याचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये आपली सत्ता प्रजेच्या स्वाधीन करणारी घटना मंजूर केली. तिच्या घडणीत त्यांचे पुत्र आप्पासाहेब पंत होते, महात्मा गांधींचा सल्ला होता, आणि मॉरिस फ्रिडमन नावाचा एक पोलिश ज्यू अभियंता होता, ज्याने पुढे भारतानंद हे नाव धारण केले. त्याच फ्रिडमनच्या कल्पनेतून औंध संस्थानच्या मुलखात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे भिंती नसलेला तुरुंग उभा राहिला. खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली माणसे तिथे बेडीशिवाय राहिली आणि माणदेशातल्या कोरड्या रानात शेती करू लागली. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा चित्रपट या प्रयोगावरून सुचला. त्याची कथा आटपाडीच्याच परिसरात वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांनी लिहिली.

हा योगायोग पुन्हा पुन्हा विचार करण्याजोगा आहे. ज्या वर्षी फ्रिडमनची जन्मभूमी वॉर्सा हिटलरच्या बाँबफेकीखाली कोसळत होती, त्याच १९३९ साली त्यांनी मांडलेला माणसावरील विश्वासाचा प्रयोग आटपाडीच्या माळावर सुरू होत होता. आणि प्रतिसरकारचे एक प्रमुख केंद्र असलेले कुंडल हे गावही औंध संस्थानातच होते. एकाच मातीत, एकाच दशकात, शिक्षेविषयीचे दोन विचार नांदत होते. एक म्हणत होता, भीती घातल्याखेरीज दुष्ट वठणीवर येत नाही. दुसरा म्हणत होता, विश्वास टाकल्याखेरीज दुष्टातला माणूस जागा होत नाही. यांतला दुसरा उजळ आणि पहिला काळा, असा सोपा निवाडा मात्र आम्ही करणार नाही. स्वतंत्रपूरच्या कैद्यांवर विश्वास टाकता आला, कारण त्यांच्यामागे स्थिर राज्य होते, रीतसर चाललेला खटला होता, आणि संस्थानाचा राजा स्वतः प्रयोगाच्या पाठीशी होता. भूमिगतांपाशी यांतले काहीच नव्हते. करुणेलाही पाय रोवायला जमीन लागते. म्हणूनच न्यायी राज्य उभारणे ही करुणेचीच पहिली पायरी आहे, असे आम्हांला वाटते.

युद्ध केव्हा न्याय्य ठरते याचा ऊहापोह ख्रिस्ती परंपरेतही पुष्कळ झालेला आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी तीन अटी सांगितल्या : अधिकार असलेली सत्ता, न्याय्य कारण आणि शुद्ध हेतू. यांतील पहिल्या अटीचे त्यांनी दिलेले कारण आपल्या विषयाच्या मर्मावर बोट ठेवते. खाजगी माणसाने शस्त्र उचलू नये, कारण त्याला वरिष्ठाच्या न्यायासनापुढे दाद मागता येते, असे ते म्हणतात. युक्तिवाद बिनतोड आहे. पण त्यात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे. न्यायासनाचे दार उघडे असले पाहिजे. ज्या दिवशी दाद मागायला गेलेल्यांवर त्याच दारातून गोळी येते, त्या दिवशी काय करावे? पोप सहावे पॉल यांनी १९६७ च्या आपल्या 'पोपुलोरुम प्रोग्रेसिओ' या परिपत्रकात हीच अडचण ओळखली. क्रांतिकारी उठावातून नवे अन्याय जन्माला येतात, असा इशारा त्यांनी दिला; पण माणसाचे मूलभूत हक्क पायदळी तुडविणारी उघड आणि दीर्घकाळची जुलूमशाही असेल तर गोष्ट वेगळी, असा अपवादही नोंदविला. अपवाद मान्य केला तरी इशारा रद्द होत नाही. दोन्ही एकाच वाक्यात आहेत, आणि दोन्ही एकत्रच वाचले पाहिजेत.

गांधीजींची भूमिका याहून कडक होती. मे १९४४ मध्ये सुटून आल्यावर त्यांनी भूमिगतांना प्रकट होण्याचा सल्ला दिला, कारण गुप्तता हीच त्यांच्या लेखी सत्याशी प्रतारणा होती. साताऱ्यातील बहुतेकांनी हा सल्ला मानला नाही. आपण प्रकट झालो तर ज्या गावांनी आपल्याला भाकरी दिली ती गावे पोलिसांच्या आणि गुंडांच्या तोंडी जातील, असे त्यांना वाटले. येथे कोण बरोबर, हे ठरविणे आम्हांला सोपे वाटत नाही. गांधीजी साधनाच्या शुद्धतेविषयी बोलत होते. कार्यकर्ते आपल्या भरवशावर राहिलेल्या माणसांविषयी. दोन्ही कर्तव्ये खरी होती. खऱ्या नैतिक पेचाचे लक्षणच हे, की कोणतीही वाट धरली तरी काही देणे मागे राहते.

त्याच वेळी साताऱ्याची हजारो मुले बादशहाच्या सैन्यात लढत होती, हेही ध्यानात घ्यावे. हा जिल्हा पूर्वीपासून लष्करी पेशाचा. अपशिंगे या एका गावाने पहिल्या महायुद्धात सेहेचाळीस जवान गमावले होते. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी एरिट्रियात केरेनच्या डोंगरावर आणि पुढे इटलीत लढल्या. एकाच भावकीतला एक मुलगा हुकूम पाळून शौर्य गाजवीत होता आणि दुसरा हुकूम मोडून. दोघांच्याही आईने देव्हाऱ्यासमोर लावलेली वात एकच होती. मग खरे कर्तव्य कोणते, आज्ञापालन की आज्ञाभंग?

या प्रश्नाचे एक उत्तर युद्ध संपताच जगाने दिले. २० नोव्हेंबर १९४५ रोजी न्यूरेंबर्ग येथे खटला सुरू झाला. वरिष्ठांचा हुकूम होता, एवढ्या सबबीवर कोणी अमानुष कृत्याच्या जबाबदारीतून सुटत नाही, हे तत्त्व तिथे प्रस्थापित झाले. आंतरराष्ट्रीय राजकारणातील ही खरोखरीची कलाटणी होती. राज्याच्या आज्ञेच्या वर विवेकाची आज्ञा आहे, असे राष्ट्रांनी मिळून प्रथमच एवढ्या स्पष्टपणे सांगितले. परंतु त्याच न्यायासनाला एक भेग होती. १९४० मध्ये कातीन आणि इतरत्र सुमारे बावीस हजार पोलिश अधिकारी व नागरिक ठार मारण्यात आले होते. हे कृत्य सोव्हिएत सत्तेचे होते. पण न्यूरेंबर्गमध्ये सोव्हिएत संघ न्यायाधीशाच्या आसनावर होता आणि कातीनचा आरोप त्याने जर्मनांवरच ठेवला. निकालपत्रात त्याचा उल्लेख आला नाही. मॉस्कोने आपली जबाबदारी कबूल केली ती १९९० मध्ये. जो दुसऱ्याचा न्याय करतो पण स्वतःचा न्याय होऊ देत नाही, त्याच्या न्यायाला असे पन्नास वर्षांचे ग्रहण लागते.

फ्रान्सचे उदाहरण साताऱ्याच्या अधिक जवळचे आहे. १९४४ मध्ये जर्मन फौजा हटू लागल्या, तेव्हा शत्रूशी हातमिळवणी केल्याच्या आरोपावरून खटल्याविना सुमारे नऊ हजार लोक मारले गेले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. जर्मनांशी संबंध ठेवल्याच्या संशयावरून स्त्रियांची भर चौकात मुंडणे केली गेली. त्यांत खरे देशद्रोही होते, आणि शेजाऱ्याच्या सुडाचे बळीही होते. फ्रेंच प्रतिकाराची थोरवी यामुळे पुसली जात नाही. पण त्या चौकांतील गर्दीत उभी राहिलेली माणसे काल नाझींपुढे मान खाली घालून चालत होती, हे लक्षात घेतले, की सूड आणि न्याय यांत गल्लत किती लवकर होते, ते कळते.

या दोन्ही अनुभवांपुढे एक पाऊल दक्षिण आफ्रिकेने टाकले. आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखालील सत्य व सलोखा आयोगाने १९९६ पासून जाहीर सुनावण्या घेतल्या. वर्णद्वेषी राजवटीचे गुन्हे तर त्याने नोंदविलेच. पण मुक्तीसाठी लढलेल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या हातून घडलेल्या अत्याचारांचीही नोंद केली. १९९८ मध्ये अहवाल निघण्याच्या वेळी ती नोंद रोखण्यासाठी त्या पक्षाने न्यायालयात धाव घेतली आणि तो अर्ज फेटाळला गेला. त्याच पक्षाचे असलेले राष्ट्राध्यक्ष मंडेला यांनी मात्र अहवाल स्वीकारला. आमचा लढा न्याय्य होता, आणि तरीही त्या लढ्यात आमच्या हातून अन्याय झाले, ही दोन वाक्ये एकत्र उच्चारण्याचे धैर्य कोणत्याही विजयी पक्षाला सहजासहजी होत नाही.

आता पुन्हा कृष्णाकाठी येऊ. प्रतिसरकारच्या बाजूने सांगण्याजोगी सर्वांत मोठी गोष्ट आमच्या मते त्याच्या स्थापनेत नसून त्याच्या समाप्तीत आहे. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले, वॉरंटे रद्द झाली आणि भूमिगत माणसे उजेडात आली. ज्यांच्या एका शब्दावर शेकडो गावे हलत होती त्यांनी ती सत्ता ठेवून दिली. जगात किती मुक्तिसेनांना हे साधले? आग्नेय आशियापासून आफ्रिकेपर्यंत पाहावे, तर मुक्तीसाठी उचललेली बंदूक पुढे सिंहासनाचा पाया झालेली दिसते. साताऱ्यात तसे घडले नाही. १९५७ मध्ये, संयुक्त महाराष्ट्राच्या वादळात, नाना पाटील कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार म्हणून साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. त्याच वर्षी, त्याच जिल्ह्यात, बेचाळीसचे त्यांचे सहकारी यशवंतराव चव्हाण काँग्रेसच्या वतीने कऱ्हाडमधून थोडक्या मतांनी विधानसभेवर गेले. एके काळी एकाच वॉरंटाच्या छायेत वावरलेली ही माणसे आता समोरासमोरच्या छावण्यांत होती. त्यांचा वाद मतपेटीने सोडविला, काठीने नव्हे. आपल्यावर निवाडा करण्याचा अधिकार त्यांनी सामान्य मतदाराच्या हाती दिला आणि तो निवाडा मानला. पुढे हेच यशवंतराव १९६२ मध्ये देशाचे संरक्षणमंत्री आणि १९६६ मध्ये गृहमंत्री झाले. एकेकाळी पोलिसांना चुकवून फिरलेला माणूस देशाच्या पोलीस व्यवस्थेचा धनी झाला. तेव्हा त्याच्या हाती दंड होता, पण त्या दंडाला संसद विचारू शकत होती, न्यायालय अडवू शकत होते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. अन्यायाविरुद्ध उभे राहणाऱ्याला दंड हाती घेण्याचा प्रसंग येऊ शकतो, हे आम्ही नाकारीत नाही. पण त्या दंडाची परीक्षा केवळ कारण किती पवित्र आहे यावर होत नाही. तो घेणारा स्वतःवर निवाडा होऊ देण्यास तयार आहे काय, आणि वेळ येताच तो खाली ठेवण्यास तयार आहे काय, यावर होते. प्रतिसरकार दुसऱ्या कसोटीला निःसंशय उतरले. पहिल्या कसोटीचे काम मात्र अपुरे राहिले. हुतात्म्यांचे स्तंभ उभे राहिले, सत्कार झाले, मानधने मिळाली. आणि ते सर्व उचितच होते. पण ज्यांना चुकीने फटके बसले, ज्यांच्या घरावर खबऱ्याचा शिक्का बसला आणि तो नातवंडांपर्यंत पुसला गेला नाही, त्यांची सुनावणी कोणत्याही आयोगापुढे झाली नाही. ते देणे इतिहासाच्या वहीत बाकी आहे. ते कबूल केल्याने वडूजच्या हुतात्म्यांचे तेज तसूभरही कमी होणार नाही. उलट ज्या समाजाला आपल्या वीरांवर प्रेम करूनही त्यांच्या चुका मोजता येतात, त्याच समाजाला त्या वीरांचा खरा वारस म्हणवून घेता येईल.

हा केवळ जुन्या काळाचा हिशेब नव्हे. आजही आपापल्या न्याय्य कारणाची ग्वाही देत राष्ट्रे एकमेकांना 'धडा शिकवीत' आहेत आणि त्या धड्याखाली चिरडली जाणारी माणसे कोणत्याच खटल्यातील आरोपी नसतात. आपल्या गल्लीबोळांतही संशयाच्या एका कुजबुजीवर जमाव गोळा होतो आणि स्वतःला न्यायाधीश समजू लागतो. अशा जमावापाशी प्रतिसरकारची निकड नसते, त्याचा त्याग नसतो, आणि दरवाजे तर न्यायालयांचे उघडे असतात. त्या जमावाने साताऱ्याचा दाखला देऊ नये. साताऱ्याच्या माणसांनी काठी उचलली ती न्यायासन बंद झाले म्हणून. आणि न्यायासन पुन्हा उघडताच त्यांनी ती ठेवून दिली.